भावकी, थुंकी आणि फेरफार

वंशावळ हौसेनंही काढतात, हे मला पुतण्यामुळे कळलं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ती कोणीतरी मागतं म्हणून काढावी लागते. पोराचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, जातवैधता पाहिजे, काढा वंशावळ. बाप वारला, सातबाऱ्यावर नावं चढवायची आहेत, काढा वंशावळ. धुऱ्यावरून चुलतभावाशी जुंपली आणि वकिलानं विचारलं की वावर मुळात कोणाचं, काढा वंशावळ. काही काम नसताना कोणी "तुमच्या आबाजीच्या बापाचं नाव काय हो?" असं विचारलं, तर माणूस आधी घरात जाऊन पेटीचं कुलूप पाहून येतो आणि मग उत्तर देतो. तेही चुकीचं.

पुतण्या न्यू जर्सीत असतो. तिथं त्यानं एका कंपनीला आपली थुंकी पाठवली. अर्धा तास काही खाल्लं-प्यालं नाही, नळीत रेघेपर्यंत थुंकला, बूच लावलं, डबी पोस्टात टाकली आणि वर पैसे दिले. मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथं मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, मी ही हकिकत सांगितली. वय नव्वदीला टेकलेलं, कान पक्के, गालात तंबाखू. ते सावकाश उठले, ओट्याच्या कडेला जाऊन मोकळे झाले आणि परत येऊन म्हणाले, "याचे पैसे देतेत लोक? मंग मी आतापरेंत केवढं फुकट घालवलं रे!"

देतो आपणच, घेते कंपनी, हे समजावून सांगितल्यावर त्यांचा पुतण्याच्या शिक्षणावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

रिपोर्ट आला. त्यात रंगीत नकाशा होता आणि नकाशावर अर्धा उपखंड हिरवा केलेला होता. पुतण्या जवळजवळ शंभर टक्के दक्षिण आशियाई निघाला. मोठेबाबांनी फोन नाकाला लावून नकाशा निरखला. "हे तं मी त्याचं थोबाड पाहूनही सांगतलं असतं."

कंपनीला तरी काय बोल लावायचा? असल्या कंपन्या तुमचा डीएनए आपल्याकडे आधी जमलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. आयर्लंडच्या लोकांनी त्यांच्याकडे इतकं थुंकून ठेवलंय की त्यांना थेट परगण्यापर्यंतचं उत्तर मिळतं. वऱ्हाडातून कोण थुंकणार? म्हणजे थुंकतात सगळेच, नळीत कोणी नाही. तसा नळीतला ऐवजही फार सुरक्षित असतो असं नाही. या धंद्यातली सगळ्यांत नावाजलेली कंपनी, ट्वेंटीथ्री-अँड-मी, मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सुमारे दीड कोटी गिऱ्हाइकांचा ऐवज तिच्याकडे होता. शेवटी लिलावात तो ३० कोटी ५० लाख डॉलरला गेला, तोही कंपनीच्या संस्थापक बाईंनीच काढलेल्या दुसऱ्या संस्थेकडे. बँकेनं ट्रॅक्टर ओढून न्यावा आणि मालकाच्या बायकोनं तो लिलावात सोडवावा, हा प्रकार आमच्याकडे नवा नाही, त्यामुळे मोठेबाबांना या बातमीत फक्त आकडा नवा वाटला.

पुतण्याचा उत्साह मात्र ओसरेना. टक्केवारी सोडा, खरी मजा जुळणीत आहे, असं त्याचं म्हणणं. आपण चार-पाच पिढ्यांची नावं भरायची, जगात दुसऱ्या कोणाचा डीएनए आपल्याशी जुळला की कंपनी कळवते, मग दोघांनी आपापली झाडं शेजारी ठेवून सामायिक पूर्वज शोधायचा. सगळ्या भावकीनं मिळून संशोधन करू म्हणून त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपली भावकी' नावाचा ग्रुप काढला. पहिल्या गुरुवारी ग्रुपवर गजानन महाराजांचे फोटो आले. मग भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पाऊस किती आणि राजा कायम की नाही, ते आलं. एका चुलतभावानं छत्रपती शिवाजी महाराजांची वंशावळ टाकली, तिला सगळ्यांनी हात जोडले. आपला तिच्याशी संबंध काय, हे विचारायला कोणी धजावलं नाही. या गर्दीत पुतण्यानं एक साधा प्रश्न टाकला, आपल्या खापरपणजोबांचं नाव काय? निळ्या टिका भराभर उमटल्या. उत्तर एकही नाही. त्या रात्री मला मात्र एकेकाचे खासगी फोन आले. "भाऊ, हा काहून इचारू राह्यला? वाटणीचं काही हाये का?"

नावं नसली तरी आख्यायिका होती. ती प्रत्येक घराण्यात असते आणि आमच्याकडची बहुतेक राजस्थानातून निघते. आमचा मूळपुरुष म्हणे घोड्यावरून आला, साखरखेर्ड्याच्या लढाईत लढला आणि इथंच राहिला. साखरखेर्डा आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात. १७२४ साली तिथं निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाला मारलं, पहिल्या बाजीरावाची त्याला मदत होती आणि जिंकल्यावर निजामानं गावाचं नाव फत्तेखेर्डा करून टाकलं. हे सगळं इतिहासात आहे. आमचा मूळपुरुष त्यात नाही. तो कोणाच्या बाजूनं लढला यावर भावकीत दोन मतं आहेत: थोरल्या घरचे बाजीरावाच्या बाजूनं म्हणतात, धाकट्या घरचे मुबारिझखानाच्या. १९७२ च्या दुष्काळात विहिरीवरून भांडण झालं तेव्हा ही फाटाफूट झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

पुतण्यानं हिशेब मांडला. १७२४ पासून तीनशे वर्षं. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर बारा पिढ्या. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असं दुप्पट करत गेलं की बाराव्या पायरीवर ४,०९६ पूर्वजांच्या जागा येतात. त्यातला एक घोड्यावरून आला असं समजा. बाकीचे ४,०९५ कुठं होते? आणि इतक्या मागच्या बऱ्याच पूर्वजांचा डीएनए आपल्यात तुकडाभरही उरलेला नसतो, म्हणजे तो घोडेस्वार खरा असला तरी आपल्या रक्तात असेलच असं नाही.

मोठेबाबा विचारात पडले. घोडेस्वार हातचा जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग त्यांना सुचलं. "बाकीचे ना? ते बायकांकडचे."

हे उत्तर ऐकलं तेव्हा मी हसलो, पण आमच्या सगळ्या संशोधनाची गोम त्यातच होती. कागद पाहायला लागल्यावर ती कळली.

कागदांना मध्यंतरी फार चांगले दिवस आले होते. ७ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यात, मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं लाल फडक्यात बांधून पडलेली दप्तरं अचानक सुटली. कोतवाल बुकं, जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं. झाडून सगळं स्कॅन होऊन जिल्ह्याजिल्ह्याच्या संकेतस्थळांवर चढलं. मोडी वाचणाऱ्या माणसाला त्या वर्षी लग्नातल्या जावयाचा मान होता. आमच्या घराला या शोधाची तशी गरज नव्हती. विदर्भातल्या पुष्कळ घरांसारखे आम्ही तहसिलीत पूर्वीपासून कुणबी, घरात शहाण्णव कुळी आणि सोयरीक पाहताना समोरच्यापेक्षा थोडे वरचे. पण दप्तर सुटलंच आहे तर पाहून घ्यावं, म्हणून मीही रेकॉर्ड रूमला गेलो.

कोतवाल बुक हातात धरलं की आधी शिंका येतात. पान पिवळं, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. ओळीत तारीख, बापाचं नाव, त्यापुढं 'वल्द' आणि आजाचं नाव, जात, आणि झालं ते मूल मुलगा की मुलगी. आडनाव क्वचितच. मृत्यूच्या रकान्यात कारण लिहिलेलं असतं: ताप, ताप, पटकी, ताप. पुतण्याला फोनवरून दाखवत होतो. त्याला राणा-बिणा, सिंह-बिंह काही निघेल अशी आशा होती. नावं निघाली धोंडू, दगडू आणि उकर्डा. आधीची पोरं दगावली की नंतरच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे मरणाची नजर पडत नाही. खापरपणजोबांचं नाव यातलंच एक आहे. कोणतं ते पुतण्याच्या विनंतीवरून इथं लिहीत नाही. त्याच्या लिंक्डइनला ते शोभणार नाही म्हणे.

मुलाच्या नोंदीला बापाचं नाव, आजाचं नाव. मुलीची नोंद नुसती 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधी खबर लिहिली जायची, त्यामुळे मुलालाही नाव नसायचं म्हणा, पण मुलगा पुढं शाळेच्या रजिस्टरात, सातबाऱ्यात, सोसायटीच्या थकबाकीत असा कुठं ना कुठं पुन्हा सापडतो. मुलगी त्या ओळीनंतर नाहीशी होते. मोठी झाल्यावर कागदावर आलीच तर दुसऱ्याच गावात, दुसऱ्या नावानं, नवऱ्याच्या नावाआधी 'जौजे' लावून. पूर्वी गावात भाट यायचे, पोथी उघडून घराण्याची नावं घडाघडा म्हणायचे, नवी लिहून घ्यायचे, धान्य घेऊन जायचे. त्या पोथीतही आम्हीच, म्हणजे पुरुष. मोठेबाबा त्र्यंबकेश्वरला गेले होते तेव्हा तीर्थोपाध्यायांनी बाड काढून चार पिढ्या वाचून दाखवल्या, त्यांत एक बाई नव्हती. चार पिढ्यांच्या पुरुषांनी आपसातच वंश वाढवलेला दिसतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ-संस्थेनं मायक्रोफिल्म काढून ठेवली आहे. त्यामुळे हिंदुस्थानातल्या पुष्कळ पुरुषांचा वंश आता सॉल्ट लेक सिटीत सुखरूप आहे.

आणि हा जिल्हा कोणता? मातृतीर्थ. गावोगावच्या कमानींवर तसं लिहिलेलं आहे. १२ जानेवारी १५९८ ला सिंदखेडला जिजाऊ जन्मल्या. दर वर्षी त्या तारखेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. तिथले जाधव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवतात. जिजाऊंच्या वडिलांना, लखुजीराजांना, १६२९ साली निजामशहाच्या दरबारात मुलं-नातवासकट दग्यानं मारलं, त्यांची प्रचंड समाधी गावात उभी आहे. पण माणसं येतात ती लेकीसाठी, आणि सासरचं नाव तिकडं ठेवून जिचं माहेर लोकांच्या तोंडी आहे अशी बाई आमच्या जिल्ह्यात ही एवढीच. बाकी माहेरं लग्नातल्या फोटोपुरती.

थुंकीचा कारभार नेमका उलटा. बापाकडचा वाय गुणसूत्राचा तुकडा फक्त मुलाकडून मुलाकडे जातो, तो आमच्या कोतवाल बुकाशी इमान राखून आहे. पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए येतो फक्त आईकडून. मुलाला मिळतो, पण त्याला पुढं देता येत नाही. देते ती मुलगीच. म्हणजे पुतण्याच्या अंगात त्याची आई, तिची आई, तिची आई, अशी सरळ रेषा हजारो वर्षं मागं गेलेली आहे आणि त्या रेषेतल्या तिसऱ्या बाईच्या पुढं आमच्यापैकी एकालाही नाव सांगता येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंद्यांनी हरियाणात राखीगढीला उत्खनन केलं. साठाहून जास्त नमुने तपासले, त्यांतल्या एकाच सांगाड्यातून कामाचा डीएनए निघाला. २०१९ मध्ये तो 'सेल' या नियतकालिकात छापून आला. सांगाडा बाईचा होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईबद्दल आपल्याला जेवढं कळलं आहे, तेवढं मला माझ्या पणजीबद्दल माहीत नाही. पणजी कडू कारल्याची भाजी उत्तम करायची, एवढीच माहिती माझ्यापर्यंत पोचली आहे, आणि तीही पणजोबांच्या तक्रारीच्या रूपानं.

हा विषय निघाला तेव्हा मी मोठेबाबांना आणखी एक गोष्ट सांगितली. हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज, लालजी सिंग आणि हार्वर्डच्या मंडळींनी २०१३ साली ७३ समाजगटांचा डीएनए तपासून मांडलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले सगळे गट एकमेकांत सर्रास मिसळत होते. सोयरीक कोण कोणाशी करतो याला धरबंध नव्हता. नंतर दारं लागली. जवळजवळ कोणीच त्यातून सुटलेलं नाही. वरचे नाहीत, खालचे नाहीत, डोंगरातले नाहीत.

मोठेबाबांनी तंबाखू मळायची थांबवली. "मंग तव्हा पडताळणी समिती कुठं बसे?"

पुढं लागलेल्या दारांचाही हिशेब निघाला आहे. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गट असे निघाले की मूठभर पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. त्यात आमच्याकडे मामाची मुलगी करायची चाल. त्यामुळे कंपनीचं गणित आमच्यापुढं हात टेकतं. सख्खे चुलतभाऊ साधारण साडेबारा टक्के डीएनए वाटून घेतात, पुढं नातं लांबेल तसं ते घटत जातं, असा त्यांचा तक्ता. आमच्याकडं एकच माणूस एकाच वेळी चुलतभाऊ, साडू आणि विहिणीचा मामा असतो. तक्त्यात तो बसत नाही. लग्नाच्या पंगतीत आम्हाला कळत नाही की वाढायला उठायचं की बसायचं, तिथं अमेरिकेतल्या यंत्रानं काय करावं?

अशात पुतण्याला जुळणी सापडली. टोरांटोतली एक मुलगी. कंपनी म्हणाली, दुसऱ्या पिढीतली चुलत-मावस बहीण असावी. म्हणजे आमचा गुंता धरला तर तिसऱ्या किंवा चौथ्या. घर जळगाव जामोद तालुक्यातलं.

ग्रुपवर शांतता पसरली. बाहेरच्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. अजिंठ्याच्या रांगेनं आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत, घाटावरचे आणि घाटाखालचे. घाटावर आम्ही: मेहकर, चिखली, लोणार. घाटाखाली पूर्णेचं खोरं: काळी जमीन, कपाशी, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, आणि बऱ्याच गावांत खारं पाणी. गजानन महाराजांच्या दर्शनापुरता घाट उतरायला आमची हरकत नसते. पण सोयरीक? मोठेबाबांनी जाहीर केलं, "आपल्यातून घाटाखाली पोरगी गेली नाही. खाऱ्या पाण्यात कोण देईल? यंत्र चुकलं."

यंत्रानं ऐकलं नाही. त्या मुलीनं आपल्या आजीला व्हिडिओ कॉलवर घेतलं, आजीनं सांगितलं की तिच्या सासूचं माहेर मेहकरकडचं, घराशेजारी चिंच होती आणि भाऊ फार तापट होता. चिंच प्रत्येक गावात असते. तापट भावाचं वर्णन आमच्या आबाजीशी तंतोतंत जुळलं. मी पुन्हा मोठेबाबांपुढं बसलो. आबाजीला बहीण होती का हो? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लोखंडी पेटीची चावी कडदोऱ्यातून काढली.

पेटीत सगळं होतं. ज्या नावांसाठी आम्ही दोन खंडांत ग्रुप चालवत होतो ती कोशा फेट्याखाली घडी घालून ठेवलेली होती. १९६१ चा फेरफार. पणजोबा वारल्यावर वारसांची नावं लागली तेव्हाचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं लेकीही वारस ठरल्या होत्या, म्हणून मुलांच्या नावांखाली एक ओळ बहिणीची: माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव जळगाव जामोद तालुक्यातलं, आणि शेजारी, बहिणीनं आपला हक्क भावांच्या लाभात सोडला आहे. खाली अंगठा. जांभळ्या शाईचा, रेषा न् रेषा दिसणारा. आमच्या सगळ्या घराण्याच्या कागदांत बाईनं स्वतः उमटवलेली ही पहिली निशाणी, आणि ती बाहेर पडण्यासाठी.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगून काय करता? ते हक्कसोड रजिस्टर झालेली नाही." कोर्टाच्या पायऱ्यांवर अर्धं आयुष्य गेल्यानं मोठेबाबांना कायदा वकिलापेक्षा चांगला कळतो. "तलाठ्यापुढं नुसता अंगठा देला होता तिनं. पोत्यातला दाणा पोत्यात राहू द्यावा. अन् हा पोट्टा तिकडं थुंकून साऱ्या जगाले सांगू राह्यला."

माझ्या चुलतपुतणीला गेल्या वर्षी मुलगा झाला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावायचा सरकारचा नियम आहे, त्याप्रमाणे दाखल्यावर ते आलं. मोठेबाबांनी दाखला लांब धरून वाचला आणि एवढंच म्हणाले, "आता फेरफाराले दोन पानं लागतीन."

टोरांटोच्या मुलीला पुतण्यानं फेरफाराचा फोटो पाठवला. ती दिवाळीनंतर भारतात येते आहे. पणजीचं माहेर पाहायचंय म्हणाली, चिंच असेल तर तीही. ही बातमी घेऊन मी गावी गेलो तेव्हा मोठेबाबा भलतेच खूश झाले.

"येऊ दे ना बाप्पा! घरची लेक व्हय ते. पुरणपोळी करा, साडीचोळी करा, तुझ्या काकूले म्हणा ओटी भर. सिंदखेडले जिजाऊच्या वाड्यावर नेऊन आण, लोणारचा तलाव दाखव." मग काकू आत गेल्याची खात्री करून त्यांनी मला जवळ ओढलं. "येताना आधार कार्ड अन् दोन फोटो आणाले सांग तिले. अन् मेहकरचं सब-रजिस्ट्रार हापिस शनिवारी उघडं राह्यते का, ते तेवढं इचारून ठेव."